लिंबू कधी घालायचं आणि गॅस कधी बंद करायचा, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत 'हलकंफुलकं रात्रीचं जेवण' म्हणून लेमन हर्ब चिकनची रेसिपी आली होती. फोटो सुंदर होता, साहित्य मोजकं होतं आणि मी ती त्याच आठवड्यात करून बघितली, कारण आमच्या बाबांना डॉक्टरांनी तेल आणि मीठ दोन्ही कमी करायला सांगितलंय आणि चिकन तर त्यांचा जीव की प्राण. रेसिपीत लिहिलं होतं की चिकन नळाखाली स्वच्छ धुवा, लिंबाच्या रसात रात्रभर मुरवा आणि झाकण ठेवून चाळीस मिनिटं शिजवा. मी अक्षरशः तसंच केलं. झालं काय तर चिकन वरून खडूसारखं पांढरंफटक आणि पिठूळ, आतून चोथा, पॅनच्या तळाला ग्लासभर गढूळ पाणी आणि लिंबाचा वास कुठेच नाही, नुसता आंबटपणा. बाबांनी दोन घास खाल्ले, तिसरा ताटाच्या कडेला सारला आणि म्हणाले, हेच जर पथ्याचं जेवण असेल तर मला भूक नाही असं समज.

ते वाक्य मला फार लागलं. माणूस पथ्य सोडतो ते बऱ्याचदा अशाच एखाद्या जेवणानंतर सोडतो, हे मी घरात बघितलंय. म्हणून त्यानंतर पाच-सहा वेळा हेच चिकन केलं, जिथे मिळेल तिथे वाचलं, आणि आता ते आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतं आणि बाबा मागून घेतात. चूक नक्की कुठे होत होती ते सविस्तर लिहितेय, कारण हीच चूक बहुतेक सगळ्या रेसिप्यांमध्ये दिसते, आणि आपला पेपर इतक्या घरांत जातो की तुम्ही नीट छापलंत तर कितीतरी जणांचं चिकन वाचेल.

आधी लिंबू. लिंबाच्या रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक ॲसिड असतं आणि ते मांसातल्या प्रोटीनवर जवळपास उष्णतेसारखंच काम करतं, म्हणजे चिकन गॅसवर न ठेवताच वरून 'शिजल्यासारखं' पांढरं होतं. अर्धा तास ठेवलं तर बरं, फार तर दोन तास. रात्रभर ठेवलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि आतपर्यंत तरी काय पोचतं, तर काही नाही, रस आणि हर्ब्जचा वास वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतो. आत खोलवर जातं ते फक्त मीठ. म्हणजे रात्रभर मुरवायचंच असेल तर मिठात मुरवा, लिंबात नको. हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःशीच दोनदा बोलले, कारण इतकी वर्षं मी नेमकं उलटं करत आले होते.

आणि ॲसिडनं जंतू मरतात म्हणून लिंबात ठेवलेलं चिकन सुरक्षित असतं असंही काही जण म्हणतात, ते कृपा करून कुठेही छापू नका. कच्च्या चिकनवरचे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर लिंबानं खात्रीनं जात नाहीत, ते जातात नीट शिजवल्यावरच. तसंच ते धुण्याचं. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की जंतू निघून जात नाहीत, उलट पाण्याचे बारीक शिंतोडे सिंकवर, ओट्यावर, बाजूला ठेवलेल्या सॅलडच्या वाटीवर उडतात. अमेरिकेतल्या कृषी खात्याचा आणि ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा दोघांचाही सल्ला स्पष्ट आहे, चिकन धुवू नका. माझी पिढी धुऊनच मोठी झालीय त्यामुळे पहिल्यांदा हात धजेना, पण आता मी किचन टॉवेलनं (कागदी, वापरून टाकून द्यायचा) टिपून कोरडं करते आणि लगेच हात साबणानं धुते. त्याचा दुसरा फायदा असा की कोरडं चिकन पॅनवर छान सोनेरी होतं. ओलं असेल तर आधी ते पाणी उडण्यातच आच खर्च होते, चिकन वाफेवर उकडलं जातं आणि तो करपूस खमंगपणा येतच नाही, कारण त्याला पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो आणि पाणी आहे तोवर तो 100 च्या पुढे सरकत नाही.

आता मुख्य मुद्दा, शिजवण्याचा. स्किनलेस ब्रेस्टमध्ये चरबी जवळपास नसतेच, शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणून तर ते हलकं, पण म्हणूनच त्याला जास्त शिजवलेलं अजिबात सहन होत नाही. आत 74 अंश सेल्सिअस झालं की चिकन खायला सुरक्षित. त्यानंतरही आचेवर ठेवलं की मांसाचे धागे आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात, कपडा पिळतो तसं. माझ्या पॅनमधलं ते ग्लासभर गढूळ पाणी म्हणजे चिकनमधला सगळा रस होता हे मला तेव्हा कळलंच नाही, मला वाटलं लिंबाचं पाणी सुटलंय.

मी शेवटी एक साधा फूड थर्मामीटर घेतला. घरात सगळे म्हणाले एवढं काय, चिकनला ताप आलाय का, पण ज्या दिवशी पहिल्यांदा सळई ब्रेस्टच्या सगळ्यात जाड भागात आडवी खुपसून आकडा 68, 70, 72 असा चढताना बघितला आणि 74 ला गॅस बंद केला त्या दिवशीचं चिकन कापलं तर सुरीबरोबर रस वर आला. चाळीस मिनिटं नव्हे, सगळं मिळून बारा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. थर्मामीटर नसेल तर जाड भागात चीर देऊन बघतात, आत काचेसारखं अर्धपारदर्शक कच्चं मांस दिसता कामा नये, पण खरं सांगायचं तर रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कधी शिजलेलं चिकनही गुलाबीसर दिसतं आणि कधी पांढरं दिसणारं पुरेसं तापलेलं नसतं. त्यामुळे घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर थर्मामीटर घ्याच असं मी म्हणेन.

ब्रेस्टचा आणखी एक त्रास म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळतं. तसंच टाकलं तर पातळ टोक चामट होईपर्यंत जाड भाग कच्चाच. मी ते आडवं चिरून दोन पातळ तुकडे करते किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्यानं हळूहळू ठोकते, सगळीकडे दीड-दोन सेंटीमीटर होईपर्यंत. जोरात ठोकलं की फाटतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

सध्या मी करते ते असं. तिघांसाठी अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट, टिपून, सारखं करून त्याला अर्धा छोटा चमचा मीठ चोळते, म्हणजे साधारण 3 ग्रॅम, आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी जमलं तर सकाळी, नाहीतर निदान तासभर. बनवायच्या अर्धा तास आधी काचेच्या वाडग्यात एक मोठा चमचा ऑलिव्ह ऑइल, ठेचलेला लसूण दोन पाकळ्या, मिरी, एका लिंबाची किसलेली साल आणि फक्त एक छोटा चमचा रस घालून त्यात चिकन घोळवते (ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाशी ते लागतं आणि चव बिघडते). पॅन मध्यम आचेवर चांगला तापू देते, वेगळं तेल घालत नाही, चिकनला लागलेलं पुरतं. लसणाचे तुकडे आधी निपटून काढते, नाहीतर ते जळून कडवट होतात. चिकन ठेवलं की पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण उलथनं हातात असलं की हलवावंसं वाटतंच, पण चिटकलेलं चिकन भाजून झालं की आपोआप सुटतं, सुटत नसेल तर अजून वेळ आहे. मग उलटून चार-पाच मिनिटं, थर्मामीटर, गॅस बंद, आणि ताटलीत काढून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. लगेच कापलं तर रस ताटलीत वाहून जातो.

आणि मग, आत्ता, लिंबाचा रस. गॅस बंद झाल्यावर, त्याच गरम पॅनमध्ये दोन चमचे पाणी घालून तळाला लागलेलं खरवडायचं, त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि ते चिकनवर ओतायचं. लिंबाचा ताजा वास उडून जाणारा असतो, तो चाळीस मिनिटं उकळला तर मागे फक्त आंबट राहतं, आणि व्हिटॅमिन सीसुद्धा उष्णतेनं कमी होत जातं. खरा सुगंध तर सालीत असतो, सालीतल्या तेलात, म्हणून किसलेली साल हवीच, फक्त वरवरची, पांढरा भाग लागला की कडू. बाबांनी पहिल्यांदा हे खाल्लं तेव्हा विचारलं, आज मीठ जास्त घातलंस का? मीठ तेवढंच होतं, किंबहुना कमी होतं. आंबट आणि सुवास असला की जिभेला मीठ कमी पडल्यासारखं वाटत नाही, हे मी वाचलं होतं पण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि या चिकनमध्ये माणशी एकच ग्रॅम पडतं. तयार मॅरिनेडच्या (चिकन मुरवायच्या मसाल्याच्या) बाटलीवरचं सोडियम, म्हणजे मिठातला घटक, एकदा वाचून बघा, मग हे किती कमी आहे ते लक्षात येईल.

हर्ब्जबद्दल फार नाही लिहीत. थाइम, रोझमेरी, ओरेगॅनो यांची पानं टणक, ती आचेला टिकतात, आधी घाला. पार्सली, बेझिल, कोथिंबीर शेवटी, वरून. वाळलेली असतील तर ताज्याच्या एक तृतीयांश पुरतात. रोझमेरी जरा जपूनच, जास्त झाली की औषधासारखी लागते.

बरोबर काय, तर ज्या पॅनमध्ये चिकन झालं त्यातच फरसबी आणि गाजराचे लांब तुकडे वाफवायचे, एखादा उकडलेला बटाटा, झालं. सगळं तेल मिळून तो एकच मोठा चमचा, म्हणजे 120 कॅलरीच्या आसपास, तिघांत वाटून 40. चिकनच्या माणशी सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी होतात आणि त्यात 35 ग्रॅमच्या वर प्रोटीन. हलकं म्हणून पोट रिकामं राहत नाही. उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, दुसऱ्या दिवशी थंडच बारीक चिरून सॅलडमध्ये घाला, परत गरम करायला गेलात की पुन्हा चामट. आणि ज्यात कच्चं चिकन मुरलं ते वाडग्यातलं उरलेलं पाणी सॉस म्हणून वरून ओतू नका, मी एका व्हिडिओत असं बघितलं आणि अंगावर काटा आला.

तर संपादक महोदय, तक्रार करायची म्हणून हे पत्र नाही. पुरवणी मी दर रविवारी पहिली उघडते. एवढंच मागणं आहे की 'हेल्दी' म्हणून रेसिपी छापाल तेव्हा मीठ आणि तेल 'चवीनुसार' आणि 'गरजेनुसार' न लिहिता ग्रॅममध्ये किंवा चमच्यांत लिहा, ज्याला पथ्य आहे त्याला तोच आकडा हवा असतो. चिकन असेल तर तुकड्याची जाडी आणि आतलं तापमान लिहा, नुसती मिनिटं नकोत, कारण प्रत्येकाचा पॅन वेगळा आणि आच वेगळी. आणि लिंबू कधी घालायचं ते लिहा.

जमल्यास एकदा हाडासकट लेग पीसची लेमन हर्ब रेसिपीही द्या. त्याला वेळ वेगळा लागतो, हाडाजवळ उशिरा तापतं, आणि ते ओव्हनमध्ये किती अंशांवर ठेवावं यावर आमच्या घरात दोन रविवार वाद चाललाय. बाबा 200 म्हणतात, मी 220.

आपली,
एक नियमित वाचक