तळघरातल्या जाळीखाली वाकून बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

टोरोंटोमधल्या आमच्या मराठी घरांच्या तळघरांत गटाराचं पाणी चढू नये म्हणून तुम्ही जे केलंत, त्याचे आभार समोरासमोर मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. ज्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, पण ज्यांच्या तळघरात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी जमिनीत एक गोल जाळी आहे, त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

आपल्याकडच्या माणसाला पूर म्हटलं की दारातून आत येणारं पाणी आठवतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो कुणी विसरलेलं नाही. इथे मात्र दार कोरडं, जिना कोरडा, आणि तळघराच्या जमिनीतल्या त्या जाळीच्या मोरीतून, म्हणजे फ्लोअर ड्रेनमधून, गटाराचं पाणी वर येतं. ८ जुलै २०१३ला टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस पडला, १६ जुलै २०२४ला जवळजवळ ९८. मुंबईच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण १०० चौरस मीटरच्या छपरावर १२६ मिलिमीटर म्हणजे १२,६०० लिटर पाणी, आणि अशा हजारो छपरांचं पाणी काही तासांत गटारांकडे धावतं. रस्त्याखालच्या वाहिनीतली पातळी तुमच्या तळघराच्या कोब्यापेक्षा वर गेली की पाणी सर्वांत खालचं उघडं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे ही जाळी. तिच्या खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत, जेमतेम दोन इंच पाणी उभं असतं. ते वास अडवतं, दाब अडवत नाही.

तुमचे पहिले आभार तुम्ही विचारत असलेल्या प्रश्नांसाठी. कुणीही “काका, जाळीत काय बसवू?” म्हणालं की तुम्ही उलट विचारता: या जाळीत एरवी काय जातं? छपराच्या पन्हळीचं पाणी कुठे जातं? घराच्या पायाभोवती जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करणाऱ्या झिरपनळीचं पाणी कुठे जातं? तळघरात आणखी किती तोंडं आहेत? ही उत्तरं मिळेपर्यंत तुम्ही कुठल्याही वस्तूचं नाव घेत नाही. दुकानात शिरलेल्या माणसाला मात्र सगळ्यात आधी रबरी बूच दिसतं आणि स्वस्त म्हणून तेच घरी येतं.

बूच वाईट नाही, पण ते दोन्ही बाजूंनी बंद असतं. गरम पाण्याची टाकी तळाशी फुटली तर १५० ते १९० लिटर पाणी जमिनीवर, आणि जायला वाट नाही. दाबाचा हिशोबही तुम्हीच मांडून दाखवलात. चार इंची नळीत पाणी एक मीटर चढलं की बुचावर खालून सुमारे आठ किलोचा जोर येतो, दोन मीटर चढलं की सोळा. हातानं सैलसर आवळलेलं बूच अशा वेळी बाटलीच्या झाकणासारखं उडतं.

त्याहून गंभीर गोष्ट झिरपनळीची. जुन्या घरांत पायाभोवतीच्या झिरपनळीचं पाणी बऱ्याचदा याच फ्लोअर ड्रेनच्या ट्रॅपमध्ये सोडलेलं असतं. तिथे बूच ठोकलं की ते पाणी कोब्याखालीच साठतं. चार इंच जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. खालून ३० सेंटिमीटर पाणी दाबायला लागलं की वरचा रेटा ३०० किलो. कोबा उचलला जातो, तडकतो, आणि मग पाणी जाळीतून नाही तर भेगेतून येतं. अशा घराला बूच नको. झिरपनळी गटारापासून तोडून संप पंपावर, म्हणजे खड्ड्यात साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या पंपावर, घ्यायला हवी. हे तुम्ही स्पष्ट सांगता, स्वतःचं दोन तासांचं काम बुडत असलं तरी.

उभ्या नळीबद्दलही तुमचं मत आम्ही सगळ्यांना सांगतो. जाळी काढून तिथे रबरी कॉलरवर साधारण तीन फुटांची नळी उभी करायची. गटाराचं पाणी तिच्यात चढतं आणि आपोआप थांबतं. उपाय चालतो, पण दोन अटींवर. पाणी तीन फुटांच्या वर गेलं तर ते नळीच्या टोकातून सांडणारच. आणि तळघरात शॉवर किंवा कमोड असेल तर पाणी नळीत चढत बसणार नाही, शॉवरच्या जाळीतून बाहेर येईल, कारण ती जमिनीपासून काही इंचांवरच आहे.

आता गोळ्याच्या इन्सर्टबद्दल, कारण बहुतेक घरांना हाच उपाय जमतो आणि बसवताना हाच सगळ्यात जास्त चुकतो. नळीच्या तोंडात बसणारी ही एक छोटी चौकट. तिच्यात हलका गोळा लोंबत असतो. वरून आलेलं पाणी त्याच्या बाजूनं खाली जातं. खालून पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो आणि भोकावर घट्ट बसतो. वीज नाही, स्प्रिंग नाही.

तुम्ही शिकवलेली पद्धत आम्ही शब्दशः पाळतो. जाळीचे स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवायचं. पाना घेऊन झटापट केली तर बिडाचा कानच तुटतो. जाळी निघाली की आतला गाळ, लिंट, केस हाताने काढायचे. मग माप. जाळीचं नाही, तिच्या खालच्या नळीचं, आतल्या बाजूनं, आणि दोन दिशांनी, कारण जुनी बिडाची नळी गंजून गोल राहिलेली नसते. इन्सर्ट दोन, तीन आणि चार इंचांत मिळतात. अंदाजाने आणलेला परतच जातो. ज्या पट्ट्यावर रबर टेकणार तो दोन इंच रुंद पट्टा तारेच्या ब्रशने घासून कोरड्या फडक्याने पुसायचा. इन्सर्ट सरळ उतरवायचा, जाळी वर सपाट बसेल इतका खाली. स्क्रू एकेक पूर्ण आवळायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे, फिरत फिरत. एका बाजूला आवळलं की चौकट तिरपी होते, गोळा एका कडेला टेकतो आणि दुसरीकडून पाणी येत राहतं. शेवटी वाकवलेल्या तारेने गोळा खालून वर ढकलायचा आणि टॉर्चच्या उजेडात सगळीकडून बसतोय का ते बघायचं. मग बादलीभर पाणी ओतायचं. ते सावकाश जाईल. इन्सर्टमुळे वाट अरुंद होते, म्हणून वॉशिंग मशीनचा पाइप थेट या जाळीत सोडलेला असेल तर आधी तो हलवायचा.

आणि बगलेतला प्लग! काका, यासाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. पुष्कळ फ्लोअर ड्रेनच्या वाटीत, ट्रॅपच्या बाजूला, सफाईसाठी एक आडवं भोक असतं. ते ट्रॅपला वळसा घालून थेट गटाराच्या नळीत उघडतं. त्यावर पितळी प्लग असतो. कधी काळी कुणी चोकअप काढायला तो उघडला आणि परत लावला नाही, की त्या वाटेने वासही येतो आणि पुराचं पाणीही, वर कितीही उत्तम इन्सर्ट बसवलेला असला तरी. इन्सर्टच्या माहितीपत्रकात हे भोक सहसा नसतं. तुम्ही प्रत्येक घरात आधी तिथे बोट घालून बघता. आटे खराब असतील तर पितळी प्लगचा हट्ट न धरता तिथे फुगणारं रबरी बूच लावता. तिथे बूच योग्यच, कारण त्या भोकातून एरवी काहीच वाहायचं नसतं.

सिलिकॉनच्या पडद्याचे जे पातळ इन्सर्ट मिळतात, ते ट्रॅप सुकू नये आणि वास येऊ नये म्हणून असतात. पूर अडवायला ते नाहीत. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात, म्हणून हे इथे लिहिलं.

तळघरात न्हाणीघर असेल, भाडेकरू असेल, तर एकट्या जाळीचं रक्षण करून भागत नाही. तिथे घरातून रस्त्याखालच्या गटाराकडे जाणाऱ्या मुख्य नळीवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह लागतो, म्हणजे पाणी उलटं आलं की पान मिटून ते अडवणारी झडप. इन्सर्ट काही डझन डॉलरांत येतो, या कामाला हजारांत खर्च आहे, आणि म्हणूनच तुम्ही खोदण्याआधी नळीत कॅमेरा घालायला लावता. व्हॉल्व्ह सगळ्या फाट्यांच्या नंतर, रस्त्याच्या बाजूला बसला पाहिजे. फ्लोअर ड्रेनचा फाटा त्याच्या पुढे जाऊन मिळत असेल तर सगळा खर्च होऊनही जाळी उघडीच राहते. नळीला फुटाला पाव इंच ढाळ राखायचा. मुख्य नळीवरच्या व्हॉल्व्हचं पान एरवी उघडं राहणारं हवं, म्हणजे घराच्या वायुनळीतून गटाराची हवा छपरावर जात राहते. परमिट काढायचं, आणि तपासनीस बघून जाईपर्यंत खड्डा बुजवायचा नाही. शहराचं अनुदान मिळतं. पन्हळीच्या नळ्या गटारापासून तोडलेल्या असाव्यात ही त्याची एक अट आहे. रक्कम आणि बाकीच्या अटी बदलत असतात, म्हणून काम ठरवण्याआधीच वाचून घ्याव्यात.

व्हॉल्व्ह बसल्यावर लोक निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्यांना थांबवता. पान बंद झालं की बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं घरातलंही बाहेर जात नाही. वर कुणी दहा मिनिटं शॉवर घेतला की ८०-९० लिटर, फ्लश ओढला की सहा लिटर, आणि हे सगळं स्वतःचंच पाणी तळघराच्या जाळीतून वर येतं. मग दोष व्हॉल्व्हला दिला जातो. मुसळधार पाऊस असताना मशीन नाही, अंघोळ नाही, भांडी टबात ठेवायची. आणि व्हॉल्व्हच्या पारदर्शक झाकणातून टॉर्चने पान खाली आलंय का ते बघायचं. ही सूचना आता आमच्या घराघरांत जिन्यापाशी चिकटवलेली आहे, तळघरातल्या भाडेकरूंसाठी इंग्रजीतही.

व्हॉल्व्ह का अडकतो, हेही तुम्ही न संकोचता आपल्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलंत. तूप, तळणीचं तेल, सायीची भांडी. गरम पाण्याबरोबर सिंकमधून गेलेलं तूप हिवाळ्यात थंड नळीत थिजतं आणि पानाच्या बिजागरीवर थर धरतं. नारळाच्या शेंड्या त्यातच गुंततात. कढई आधी कागदाने पुसायची आणि कागद कचऱ्यात. वर्षातून दोनदा, बर्फ वितळण्याआधी आणि पानगळीनंतर, व्हॉल्व्हचं झाकण उघडायचं, पान बोटाने वरखाली करून बघायचं, थर धुवायचा, झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, चीर गेली असेल तर ती बदलायची. इन्सर्टचा गोळाही त्याच दिवशी काढून धुवायचा. झाकणावर कार्पेट किंवा लाकडी फरशी चढवायची नाही. हिवाळ्यात भट्टीच्या कोरड्या हवेने ट्रॅप सुकतो, तेव्हा महिन्यातून एकदा त्यात दोन लिटर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही.

काका, तुमच्या हस्तलिखित टिपणांवरून आम्ही एक पान तयार करतो आहोत: जाळीचं माप कसं घ्यायचं, बगलेतला प्लग कुठे शोधायचा, झिरपनळी ट्रॅपमध्ये येते का ते कसं ओळखायचं. छापण्याआधी ते तुमच्या नजरेखालून जायला हवं. विशेषतः झिरपनळीचा भाग तपासा, तिथे चूक परवडणारी नाही. येत्या वसंतात कुणाकुणाची ओ-रिंग बदलायची आहे त्याची यादीही व्हॉल्व्हच्या मापांसह सोबत पाठवतो.

तुमचे ऋणी,
टोरोंटोतली तळघरवाली मराठी मंडळी