परीक्षणात किंमत हवी, पाने हवीत, बोलीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली पुस्तक परीक्षणे खेड्यातल्या वाचनालयात कापून फायलीला लावली जातात ती खरेदीसाठी. तालुक्याच्या दुकानात गाइडं आणि वह्या मिळतात. कादंबरी न चाळताच मागवावी लागते, तीही अनुदानाचा हिशेब मार्चअखेर बसेल अशा बेताने. परीक्षणाखाली पृष्ठसंख्या, किंमत, आवृत्ती, प्रकाशक आणि अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव नसेल, तर ते कात्रण फायलीत नुसते पडून राहते.

पाचशे शब्दांचे परीक्षण किरकोळ काम वाटते. दोनशे पानांचे पुस्तक एकदा सलग वाचायचे, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पानांचे आकडे चिठ्ठीवर टिपले नाहीत तर लिहिताना वाक्य सापडत नाही, मग ते आठवणीतून चुकीचे उतरते. दुसरे वाचन टाळलेले तर लगेच ओळखू येते : मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलेला आणि सगळे दाखले पहिल्या चाळीस पानांतले. कथानकाला शंभर शब्द पुरेत. कथासंग्रह असेल तर तीनच कथांवर नेमके लिहावे, त्यात एक फसलेली घ्यावी. सगळ्या कथांची नावे ओवायची गरज नाही, अनुक्रमणिका पुस्तकात असतेच.

शेतीच्या पुस्तकांवर तर फारच ढिले लिहिले जाते. कपाशीची शिफारस ओलिताची की कोरडवाहूची, जमीन भारी की हलकी, हे परीक्षणात हवेच. आवृत्तीचे वर्षही तपासावे. एंडोसल्फान या कीटकनाशकावर २०११ मध्ये बंदी आली; त्याआधीचा मजकूर नव्या मुखपृष्ठात घालून छापला असेल, तर फवारणीचा तक्ता उघडून पाहणे परीक्षण लिहिणाऱ्याचेच काम. ‘शेतकऱ्यांना उपयुक्त’ या दोन शब्दांवर वाचनालयाने पैसे कसे घालावेत?

या मेहनतीचा मोबदला बहुधा पुस्तकाची ती एक प्रत. मानधन देता आले तर द्यावेच. ते जमत नसेल तर निदान उणिवा सांगणारा परिच्छेद जागेअभावी उडवू नये. उडवायचा तर लेखकाचा परिचय उडवावा. आणि लिहिणारा लेखकाचा स्नेही असेल तर तसे एका ओळीत छापावे, आमची हरकत नाही.

उताऱ्यांची गत मात्र वाईट होते. वऱ्हाडी पात्राच्या तोंडचा ‘डोया’ छापून येताना ‘डोळा’ होतो, ‘करून राहिला’चे ‘करत आहे’ होते, आणि वाचकाला वाटते की लेखकालाच बोली जमली नाही. झाडीबोलीतले ‘पानी’ही असेच दुरुस्त होते. समीक्षेसाठी उतारा घ्यायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ची मुभा आहे, तेव्हा तो मुळाबरहुकूम द्यायला अडचण नसावी. परीक्षण लिहिणाऱ्यांनी उताऱ्याशेजारी ‘मुळाप्रमाणे ठेवावे’ असा शेरा मारून त्या पानाची झेरॉक्स जोडावी, आणि आपल्या मुद्रितशोधकांनी ती ताडून पाहावी, ही विनंती.

आपले,
सार्वजनिक वाचनालयाचे कार्यकर्ते,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ