शोधण्याचे काम तुझे आणि माझे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. तुझा धाकटा भाऊ गेला दीड महिना खोलीबाहेर फारसा पडत नाही, रात्ररात्र जागतो आणि परवा बोलता बोलता "मी नसलो तर तुमच्या डोक्याचा ताप तरी कमी होईल" असे म्हणून गेला, हे सांगताना तुझा आवाज ज्या तऱ्हेने अडकला तो अजून माझ्या कानात आहे. त्या वेळी मी एवढेच सांगू शकलो की आज त्याला एकटे ठेवू नकोस. तू त्याच्याच खोलीत अंथरूण टाकलेस हे सकाळी कळले, तेव्हा जरा धीर आला. बाकीचे लिहूनच पाठवावे असे ठरवले, कारण अशा दिवसांत कानांनी ऐकलेले टिकत नाही. कागद मात्र हवा तेव्हा पुन्हा उघडता येतो.

तुझा पहिला प्रश्न होता की त्याच्यापाशी हा विषय काढावा की काढू नये. काढ, आणि आडवळणाने काढू नकोस. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती मलाही होती, पण या विषयावर झालेल्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. उलट, कोणीतरी स्पष्ट विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. माझ्या ताईच्या आजारपणात मी आठ दिवस हा प्रश्न जिभेवर घेऊन हिंडत होतो. शेवटी एका दुपारी तिच्या पलंगावर बसून विचारले, "ताई, जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?" ती माझ्याकडे न बघता चादरीच्या काठाची एक घडी घालत राहिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि तिसरी घडी हाताने दाबून बसवल्यावर तिने मान हलवली. मी उपदेश केला नाही, कारण मला काही सुचलेच नाही, आणि आज वाटते ते बरेच झाले. मी नुसता बसून राहिलो आणि ती पहिल्यांदा बोलू लागली.

तो हो म्हणाला, तर पुढचा प्रश्न असा विचार की कसे आणि कधी हेही त्याने मनाशी ठरवले आहे का. ठरवले असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचे नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच रात्री त्याला घेऊन जायचे किंवा तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवायचा, आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच माणसाला आपण कशासाठी आलो आहोत हे शब्द न चोरता सांगायचे. हो म्हणो की नाही म्हणो, घरातला औषधांचा साठा आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू आजच त्याच्या हाताच्या अंतरावरून हलव. आत्महत्येचा टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरतो, आणि तेवढा वेळ मधे अंतर पडले तर माणूस वाचू शकतो.

आता आमच्या घरून झालेली चूक सांगतो, कारण हे पत्र मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे. मदत शोधायचे काम आम्ही ताईवरच टाकले होते. "तू एकदा डॉक्टरांना फोन तर कर," असे आम्ही सगळे तिला प्रेमाने सांगत होतो, आणि ज्या माणसाला सकाळी उठून केस विंचरणे जड जात होते त्याच्याकडून चौकशी, पाठपुरावा आणि निवड या तिन्ही गोष्टींची अपेक्षा करत होतो. तिने एक दिवस खरोखरच फोन केले. पहिल्या ठिकाणी नव्या रुग्णाला पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळेल असे सांगून फोन ठेवला गेला, दुसरा क्रमांक बंद होता, तिसऱ्या ठिकाणी नाव, वय, तक्रार सगळे सांगून झाल्यावर हा विभाग तो नव्हे असे उत्तर मिळाले. संध्याकाळी तिने फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी कुठेच जागा नाही." तुला किंवा मला लागला नाही तो फोन आपण पुन्हा लावतो, तिला मात्र प्रत्येक न लागलेला फोन हा स्वतःविषयीचा निकाल वाटत होता. म्हणून त्याच्या हातात क्रमांकांची यादी देऊन मोकळा होऊ नकोस. नकार ऐकायचे काम तुझे आणि माझे आहे. त्याच्यापर्यंत फक्त उघडे दार पोहोचावे.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही केली. कोणाला फोन केला, किती वाजता, कोण बोलले, काय म्हणाले, आणि शेवटी "आपल्याकडे शक्य नसेल तर मी आणखी कोणाला विचारावे?" या प्रश्नाचे उत्तर. तो शेवटचा रकानाच सर्वांत उपयोगी पडला. नकार देणारी माणसेही बहुधा पुढचा रस्ता सांगतात, फक्त तसे विचारावे लागते. अशाच एका कारकून बाईंनी फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर लवकर वेळ मिळते असे सांगितले आणि आमचे पाच आठवड्यांचे पाच दिवस झाले.

म्हणून तूही सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून कर. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस गळून जातो आणि उदास दिसतो. त्या तपासण्या ते करून घेतील, गरज वाटल्यास उपचार सुरू करतील आणि पुढे कोणाकडे जायचे ते लिहून देतील. त्यानंतरची दारे सरकारी रुग्णालयांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकार विभाग, विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी चालवलेली समुपदेशन केंद्रे, आणि तो शिकत किंवा नोकरी करत असेल तिथली समुपदेशनाची सोय, ही होत. नावांचा गोंधळ होतो, म्हणून एवढे लक्षात ठेव की मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधे लिहून देतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून मानसोपचार करतो, आणि समुपदेशक ही पाटी कमी शिक्षणावरही लागू शकते. त्यामुळे शिक्षण काय, नोंदणी कुठे, अशा अवस्थेतल्या माणसाबरोबर काम केले आहे का आणि फी किती, हे चारही प्रश्न पहिल्याच फोनवर विचार. यात संकोच करण्यासारखे काही नाही. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

हेल्पलाइनविषयी तू काहीसा साशंक दिसलास. अनोळखी माणूस फोनवरून काय करणार, असे तू म्हणालास. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी एक दूरध्वनी सुरू केला, तेव्हा सल्ला आपणच द्यायचा अशी त्यांची कल्पना होती. पण त्यांना भेटायला येऊन बाहेरच्या खोलीत थांबलेल्या लोकांशी तिथले स्वयंसेवक नुसते बोलत बसत, आणि काही जणांचे मन तेवढ्यानेच इतके हलके होई की आत जायची गरज उरत नसे. काही महिन्यांतच व्हारांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवले, आणि त्यातूनच समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. पुढे अनेक देशांनी राष्ट्रीय क्रमांक सुरू केले. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी क्रमांक आहे आणि भारतात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. माझे ऐकशील तर आज दुपारी तू स्वतः एकदा फोन लाव. घरच्या माणसानेही या क्रमांकांवर बोलायचे असते, आणि पलीकडून काय विचारतात, किती वेळ थांबावे लागते, हे तुला आधी ठाऊक असले तर रात्री दोन वाजता त्याच्या हातात फोन देताना तुझा हात कापणार नाही.

तज्ज्ञ मिळेपर्यंतचे दिवस वाया जातात असेही मानू नकोस. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके मांडली. आजी बाकावर बसते आणि शेजारी येऊन बसलेल्याच्या अडचणींतली एकच अडचण दोघे मिळून हातात घेतात. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला "कुफुंगिसिसा", म्हणजे फार विचार करणे, असा शब्द आहे आणि आज्या तोच शब्द वापरतात. हरारेतील ५७३ रुग्णांचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात बाकावर आलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. तुझ्या भावाच्या आयुष्यात अशी बाकावरची आजी कोण होऊ शकेल, याचा विचार कर. एखादा जुना शिक्षक असेल, एखादी मावशी असेल, किंवा याच वाटेने गेलेल्या माणसांचा स्वमदत गट असेल.

तो कुठेच यायला तयार नाही असे तू म्हणालास. ताईही तयार नव्हती. "तुला आजार आहे" हे शब्द तिला सहन होत नसत, पण झोप येत नाही ही तिची स्वतःची तक्रार होती, आणि झोपेसाठी म्हणून ती आली. मी तिला एवढेच म्हणालो होतो की एकदाच जाऊ, मी आत तुझ्याबरोबर बसेन, आणि तुला नको वाटले तर आपण उठून येऊ. तेवढे वचन पाळायची तयारी ठेवूनच ते दिले होते.

आणखी एक कागद करायचा आहे, तो मात्र त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुरक्षितता योजनेचा एक साधा आराखडा तयार केला आहे. आपले बिनसू लागले हे कोणत्या खुणांवरून कळते, तेव्हा एकट्याने काय करता येते, कोणाकडे किंवा कुठे गेले की मन दुसरीकडे वळते, मदत कोणाकडे मागायची, कोणत्या डॉक्टरांना आणि क्रमांकाला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसे ठेवायचे, हे त्यात क्रमाने लिहितात. तातडीच्या विभागांत आलेल्या रुग्णांकडून अशी योजना करून घेतली आणि नंतर फोनवरून विचारपूस चालू ठेवली, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेने जाणारे वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास सांगतो. ताईचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर पहिल्या ओळीत "फोन वाजला की दचकते" असे लिहिले आहे. ही खूण आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती.

उपचार सुरू झाले की आपली पकड सैल होते, आणि नेमकी तिथेच जपायला हवे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जोखमीचे असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. त्यांत सल्ला नव्हता की तपासणीला या असा आग्रह नव्हता. तुमची आठवण आहे, तुमचे बरे चालले असेल अशी आशा आहे, लिहावेसे वाटले तर लिहा, इतकेच असे. पत्रे मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्येचे प्रमाण कमी राहिले. हे वाचल्यापासून दर पंधरा दिवसांनी मी ताईला दोन ओळी पाठवतो, ती बरी असली तरी पाठवतो. तुझ्या भावालाही आजच वेगळे दोन ओळींचे पत्र टाकले आहे. त्याने उत्तर दिले नाही तर त्याला त्याविषयी विचारू नकोस.

स्वतःच्या जागरणाचा हिशेबही ठेव. एकाच माणसाने सलग चार रात्री जागू नये. मी आलो की दोन रात्री माझ्या.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी पोहोचतो. वही मी आणतो आणि फोन मी करतो. तू फक्त तुमच्या फॅमिली डॉक्टरांची शनिवार दुपारची वेळ घेऊन ठेव, आणि तोवर रात्री अंथरूण त्याच्याच खोलीत असू दे.

तुझा,
बालमित्र