माळाला ओसाड म्हणू नका, एकदा दुपारपासून रात्रीपर्यंत थांबून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी होळी झाली की पेपरात बातम्या यायला लागतात, अमुक गावच्या ओसाड माळावर पावसाळ्यात हजारो झाडं लावणार, तमुक डोंगर हिरवागार करणार, फोटोत कुदळ हातात घेतलेले पाहुणे आणि मागे पिवळं गवत. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात मला शंका नाही, पण ते मागचं पिवळं गवत बघून माझा जीव खालीवर होतो आणि म्हणूनच हे पत्र लिहितेय.

मी पुण्याची, हडपसरला राहते, आणि वसंतात सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन सासवड-जेजुरीच्या बाजूच्या माळांवर जाते. दुपारी तीनच्या सुमाराला पोचायचं आणि अंधार पडून चांगली रात्र होईपर्यंत थांबायचं. लोक म्हणतात एवढ्या उन्हात कशाला, पक्षी तर सकाळी बघतात. सकाळी बघावेतच, पण माळाची खरी गंमत उन्हं कलायला लागल्यावर सुरू होते.

या मार्चमधलीच एक दुपार सांगते. रस्त्याकडेच्या पांगाऱ्यावर लालभडक फुलं आणि त्यात भोरड्यांचा नुसता गोंधळ, गुलाबी अंग, काळं डोकं, चोची मधात बुडवून सगळ्यांचं एकदम बोलणं चालू. एप्रिल संपेपर्यंत या सगळ्या मध्य आशियाकडे निघून जातात, तिकडे अंडी घालतात आणि पावसाळ्यात परत आपल्याकडे येतात. तिथून पुढे माळात शिरलं की आधी काहीच दिसत नाही, मग डोंबारी दिसतो. चिमणीएवढाच पक्षी, नर सरळ वर चढत जातो, पंख मिटून दगडासारखा खाली पडतो आणि जमिनीला टेकणार असं वाटतानाच परत वर उसळतो, आणि हे सगळं मादीसाठी! धाविकांची जोडी पण दिसली, तुरूतुरू पळायचं, गपकन थांबायचं, वाकून किडा टिपायचा, परत पळायचं. थांबली की मातीत अशी मिसळते की दुर्बिणीतून नजर हटली तर परत सापडत नाही.

टिटवीनं तर आम्हाला पाहिल्यापासून डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला सुरुवात केली, म्हणजे आसपास अंडी असणार हे कळलं आणि आम्ही वाट सोडून लांबून गेलो. टिटवी, धाविक, डोंबारी, पखुर्डी, करवानक, रातवा, या सगळ्यांची अंडी जमिनीवरच असतात. रातवा तर घरटं म्हणून काडीसुद्धा गोळा करत नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी आणि वर आपण स्वतः बसून राहायचं एवढाच त्याचा संसार. यातल्या बऱ्याच जणांचा विणीचा काळ मार्चपासून पुढे पावसाळ्यापर्यंत आहे, हे कृपया लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

सूर्य खाली जायला लागला तसे भोवत्या यायला लागले. इंग्रजीत ज्यांना हॅरियर म्हणतात ते हे शिकारी पक्षी, लांब पंख, गवताच्या अगदी वरून तरंगत जाणार. हिवाळ्यात कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ प्रदेशातून इथे येतात, नाकतोडे, उंदीर खातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. झाडावर झोपत नाहीत हो, रात्री सगळे मिळून गवतात जमिनीवर झोपतात. एक या दिशेनं आला, एक त्या दिशेनं, मग अजून दोन, गवतावर गोल गोल फिरले आणि एकेक करून गुडघाभर पवन्या-मारवेल गवतात उतरून दिसेनासे झाले. एवढ्या लांबून येणाऱ्या पाखराला आपल्या पुरंदर तालुक्यातलं जे गवत रात्री टेकायला लागतं, त्याला आपण कागदावर पडीक म्हणतो!

तिथंच एक मेंढरंवाले बाबा भेटले, रात्री मेंढरं कोंडायची वाघर म्हणजे जाळी लावायचं चाललं होतं. मी विचारलं, बाबा पलीकडच्या माळावर पाणी अडवायला चर खणलेत ना, आता कसं? ते म्हणाले, "काय सांगू ताई, चरात मेंढरांचं पाय मोडत्यात. झाडं लावली ती बी जगली न्हाईत, अन जी जगली त्याच्याखाली गवात उगवंना. आमी जायाचं कुठं?" मी काय उत्तर देणार होते.

अंधार पडल्यावर पाणवठ्याजवळ गप्प बसलो. रंगीत पखुर्डी सूर्य मावळल्यावर पाणी प्यायला येते, आधी आवाज आला आणि मग पाण्याकाठी नुसत्या सावल्या हलल्या. लांबून करवानकांचं ओरडणं सुरू झालं. आणि मग रातवा. चक-चक-चक-चकर्रर्र, टेबलावर टाकलेली गोटी जशी आधी सावकाश आणि मग भराभर टपटपत जाते तसा आवाज, एकाचा थांबला की पलीकडून दुसऱ्याचा. परतताना गाडी अगदी हळू चालवली कारण रातवे अंधारात कच्च्या रस्त्यावर येऊन बसतात, दिव्यात त्यांचे डोळे लाल निखाऱ्यासारखे चमकतात आणि दिपून गेल्यामुळे ते पटकन उडत नाहीत. एक पुढेच बसला होता, वाळलेल्या पाल्याच्या रंगाचा, चोच एवढीशी पण उडता किडा धरताना तोंड केवढं उघडतो. दिवे मंद केले, तो उठला, पंखावरचा पांढरा ठिपका दिसला आणि गेला.

आता मुद्द्याचं. पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे गवत आणि तुरळक बाभळी-बोरी हेच मूळचं निसर्गाचं रूप आहे, जंगल तोडून उरलेली ही जागा नाही. कर्नल साईक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली तेव्हा त्यात इथल्या माळावरचे चंडोल, लावे होते, एका चंडोलाला आजही त्यांचं नाव आहे. तरी इंग्रजांच्या महसूल खात्यापासून आजच्या सरकारी, पडीक जमिनींचे नकाशे असलेल्या वेस्टलँड अ‍ॅटलासपर्यंत असल्या जमिनींवर पडीक हाच शिक्का. मग पडीक आहे म्हणजे काहीतरी करायला पाहिजे, म्हणून सलग समतल चर खणा, गिरिपुष्पाची झाडं लावा, सोलर लावा, प्लॉटिंग करा. माळढोकाचं काय झालं बघा ना, सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं आणि आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे नशीब, त्याला पण असाच मोकळा माळ लागतो.

आणि खड्डे खणायचं काम कधी होतं? पावसाळ्याच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, अगदी अंडी-पिल्लं जमिनीवर असताना. जेसीबी फिरला की काय होत असेल ते मी लिहायला नको. चांगलं गवत यावं म्हणून माळ पेटवून देतात त्याचाही हाच काळ.

झाडं लावू नका असं मी म्हणत नाहीये. गावात, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, बांधावर लावा, वड-उंबर-पांगारा लावा, जगवा. पण माळावर खणण्याआधी निदान एक वर्षभर तिथं कोण राहतंय याची नोंद घ्या, मेंढपाळांना विचारा, कॉलेजच्या पोरांना दुर्बिणी देऊन पाठवा, आणि मार्च ते ऑगस्ट तिथं मशीन नेऊ नका. रात्री फोटोसाठी सर्चलाईट मारत गवतातून गाड्या घालणाऱ्या आपल्या पक्षीमित्रांनाही हीच विनंती, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून पाखरांना बोलावू नका.

आमच्या नेहमीच्या माळावरही यंदा झाडं लावायची ठरली आहेत, चुन्याच्या खुणा करून झाल्यात. म्हणून पत्र शक्यतो याच आठवड्यात छापावं ही विनंती, आणि वृक्षारोपणाच्या बातमीत ओसाड हा शब्द टाकायच्या आधी तुमच्या वार्ताहरांनी एकदा तरी संध्याकाळी तिथं जाऊन यावं, यायचं असेल तर मी सोबत येईन.

कळावे,
आपली एक वाचक, हडपसर, पुणे