जाफन्याच्या इस्पितळाची फाइल उघडा: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात 'शांतिसेना' म्हटलं की लोकांना जपानी टेपरेकॉर्डर आठवतो. १९८७ ते १९९० या काळात भारतानं श्रीलंकेत ही फौज पाठवली होती; तिथून सुटीवर येणारे जवान टू-इन-वन घेऊन यायचे. आमच्या काकांनीही आणला होता आणि पुढं कित्येक वर्षं गणपतीच्या आरत्या त्यावरच वाजल्या. तिथं काय झालं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारलं ते फार उशिरा, त्यांचे गुडघे गेल्यावर.

आपल्यालाच लिहितोय त्याला कारण आहे. १९८८ ते १९९० या काळात आपण कोलंबोतल्या आपल्या वकिलातीत फर्स्ट सेक्रेटरी आणि शांतिसेनेचे राजकीय सल्लागार होता. ज्या घटनेबद्दल लिहितोय ती, उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या इस्पितळातल्या गोळीबाराची, त्याआधीची, ऑक्टोबर १९८७ ची. तेव्हा हा आपल्यावरचा आरोप नाही. पण त्या बेटावर भारताबद्दल लोक काय बोलत होते, ते आपण कानांनी ऐकलं असणार. आजच्या सरकारात असं म्हणता येईल अशी माणसं फार नसतील.

सुरुवात मदतीपासून झाली होती, हे आता कुणाच्या लक्षातही नसतं. ३ जून १९८७ ला जाफन्याच्या तमिळांसाठी मदत घेऊन निघालेल्या आपल्या होड्या श्रीलंकेच्या नौदलानं परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर धान्य नि औषधं टाकली, सोबतीला मिराज लढाऊ विमानं. मोहिमेचं नाव 'पूमालै', म्हणजे फुलांची माळ. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, फौज उतरली, आणि जाफन्याच्या लोकांनी आपल्या जवानांना खरोखरच हार घातले. पण 'तमिळ वाघां'नी, म्हणजे एलटीटीईनं, शस्त्रं टाकली नाहीत, आणि १० ऑक्टोबरला आपण त्याच शहरावर चाल करून गेलो. हारापासून तोफेपर्यंत अडीच महिनेसुद्धा लागले नाहीत.

२१ ऑक्टोबर १९८७. तमिळांची दिवाळी, नरक चतुर्दशी. त्या दिवशी आपली फौज जाफन्याच्या मुख्य इस्पितळात शिरली. वाघांची काही पोरं आत होती, त्यांनी तिथून गोळ्या झाडल्या होत्या, हे तिथले लोकही सांगतात. पण ती निघून गेल्यावर आत उरले होते ते रुग्ण, नर्सेस, डॉक्टर, वॉर्डबॉय. रात्र त्यांनी मेलेल्यांच्या शेजारी, मेल्यासारखं पडून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले बालरोगतज्ज्ञ हात वर करून, आम्ही डॉक्टर-नर्सेस आहोत, शरण येतोय, असं ओरडत व्हरांड्यातून पुढं आले. त्यांनाही गोळी घातली गेली. एकूण ६० ते ७० माणसं गेली, त्यांत इस्पितळाचे वीसेक कर्मचारी. आपल्या बाजूचं म्हणणं कायम एकच राहिलं: चकमकीत सापडले. असेल तसं, तर कागद दाखवा. नसेल, तरी दाखवा.

काका आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. ते तिथं गेले १९८८ मध्ये. त्यांच्या तळावर गावकऱ्यांसाठीही एमआय रूम, म्हणजे लष्कराचा दवाखाना, उघडी असायची. मलेरिया, जुलाब, गळवं, असंच सगळं. तापाला तमिळमध्ये 'काय्च्चल' म्हणतात. काकांना पहिले दोन महिने वाटायचं, बायका 'काय चाललंय' म्हणून विचारतायत. एक म्हातारी नातवाला घेऊन यायची. गोळी हातात घ्यायची, तिचे दोन तुकडे करायची, एक काकांपुढं धरायची आणि बोटानं तोंडाकडं दाखवायची. आधी तू खा. काका खायचे. मग पाच-दहा मिनिटं ती त्यांच्याकडं बघत बसायची, आणि मग उरलेला तुकडा पोराला. "तिच्यापायी मी वर्षभर ताप नसताना तापाच्या गोळ्या खाल्ल्या," असं ते हसत सांगायचे. इस्पितळाचं त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा छापून आलेलं वाचून दाखवलं. ऐकल्यावर म्हातारीची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

आपले जवान गेले नाहीत असं मी म्हणत नाही. सुमारे १२०० गेले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईचे, एसआयईएस कॉलेजात शिकलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला ते पडले, परमवीरचक्र मिळालं. कोलंबोत या सगळ्यांचं स्मारक आहे, एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. योग्यच केलं. त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्या काळात मेलेल्या तमिळ माणसांची आपल्याकडं यादीही नाही.

विश्वास एकदा गेला की मदतीलाही माणूस उरत नाही, आणि हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये पूर्व श्रीलंकेतल्या मुत्तूरला एका फ्रेंच मदत संस्थेच्या १७ जणांना त्यांच्याच कार्यालयाच्या आवारात गोळ्या घातल्या. सगळे तिथलेच, जवळपास सगळे तमिळ. अंगात संस्थेचे टी-शर्ट होते. आजवर कुणाला शिक्षा नाही. सप्टेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांची माणसं उत्तरेतल्या, वाघांच्या ताब्यातल्या किलिनोच्चीहून निघाली, तेव्हा लोक फाटकाशी उभे राहून जाऊ नका म्हणून विनवत होते. मे २००९ मध्ये युद्ध संपेपर्यंत त्या पट्ट्यात सामान्य माणसांचं काय झालं ते जगानं नंतर पाहिलं. पुढं संयुक्त राष्ट्रांनी स्वतःचीच चौकशी करवली आणि आपण कमी पडलो हा निष्कर्ष छापला. भारतानं तेवढंही केलेलं नाही.

युद्धानंतर आपण उत्तर नि पूर्वेत घरं बांधून दिली, पन्नास हजारांची योजना होती. चांगलं काम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण घर दिलं म्हणून इस्पितळाचा प्रश्न मिटत नाही, आणि तिथं कुणी तसं मानतही नाही.

माझी मागणी लहान आहे. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या धोरणात ठरलं की लष्करी मोहिमांचे कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. १९८७ ला २५ वर्षं होऊन आता एक तप उलटून गेलं. फाइल आपल्या मंत्रालयात नसेल, संरक्षण खात्यात असेल; एक पत्र आपण संरक्षणमंत्र्यांना लिहा. तेव्हाच्या आपल्या टिपणांमध्ये या विषयावर काही असेल तर तेही त्यासोबत जाऊ द्या.

दुसरं, जाफन्यात आपला वाणिज्य दूतावास २०१० पासून आहे. दर २१ ऑक्टोबरला इस्पितळाचे कर्मचारी आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांच्या तसबिरींना फुलं वाहतात. यंदा दूतावासातला एक माणूस तिथं पाठवा. भाषण नको, फोटोग्राफर नको. मागच्या रांगेत उभा राहिला तरी चालेल. त्यांनी आत येऊ नका म्हटलं, तर फाटकाबाहेर.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जिल्हा सातारा