नाव झालं, आता दराचं बघ

सुभाषनगर, कोल्हापूर

चि. बाळास, आईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीत मी कोल्हापुरी चपलेची वेणी घालताना तू माझ्या हातांचा जो व्हिडिओ काढलास, तो आख्ख्या गल्लीच्या फोनांतून फिरत फिरत काल माझ्यापर्यंत आला. नागपूरच्या कुणा बाईनं खाली विचारलंय, "काकू, बोटं दुखत नाहीत का?" चप्पल लाईनीतलं गिऱ्हाईक चप्पल वाकवून बघतं, कातड्याचा वास घेतं, भाव पाडून मागतं. पण ही वेणी कुणी घातली, असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. त्या बाईला उत्तर दे. सांग, दुखतात, थंडीत जास्त.

फोनवर तू म्हणालास, "आई, आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय?" ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

जून २०२५ आठव. मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्यासारखीच पायताणं झळकली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. आपल्या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण तो कागद मिलानमध्ये कोण वाचणार? उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तीही टिकली नाही. काम केलं ते फोन हातात असलेल्या माणसांनी. तो फोटो आणि आपली चप्पल शेजारी शेजारी ठेवून लोक विचारत राहिले, ही कुणाची? थोड्याच दिवसांत कंपनीनं महाराष्ट्र चेंबरला, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला लिहून कळवलं, की या चपलांमागची प्रेरणा भारतातल्या हातकामाची आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात लिडकॉम, म्हणजे आपल्या राज्याचं चर्मोद्योग महामंडळ, आणि कर्नाटकचं तसलंच लिडकर, या दोघांबरोबर प्राडाचा करार झाला. दोन हजार जोड महाराष्ट्र-कर्नाटकात करायचे आणि जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास, असं जाहीर झालं. म्हणजे आपल्या पैशात ऐंशी हजारांच्या वर.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते सांगते. नुसती आरडाओरड झाली असती तर दोन दिवसांत विरली असती. बोलणाऱ्यांत चप्पल जाणणारी माणसं होती. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात, तळ खिळ्याशिवाय कातड्याच्याच वादीनं कसा शिवतात, चपलेच्या बाजूचा कान कुठं बसतो, कापशी घाटाच्या चपलेची ओळख कशी पटते, हे सगळं त्यांनी दाखवलं. ते खोडायला कुणाकडे काही नव्हतं. तुझ्याकडेही हे सगळं आहे. चौथीत असल्यापासून तू तळाला वादी ओवतोयस. तेव्हा व्हिडिओवर दुसऱ्या कुणाचं गाणं चढवू नकोस आणि "जगातली एक नंबर चप्पल" असलं काही लिहू नकोस. हातोडीचा आवाज राहू दे, तो पुरे.

याच फोनची दुसरी बाजूही तू बघितली आहेस. जून २०२३ मध्ये काही जणांच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, शिवाजी चौकात दगड आले, लाठ्या चालल्या, इंटरनेट तोडावं लागलं. स्टेटस ठेवणारेही साधेच होते आणि दगड उचलणारेही. रात्रीच्या रागात काही टाकू नकोस, एवढंच मागते.

आता जे बोलायला जड जातंय ते. तुझ्या व्हिडिओखाली कुणीतरी आपल्या जातीवरून घाण लिहिली होती. तू ती पुसलीस आणि मला सांगितलं नाहीस. शेजारच्या पोरीनं आधीच फोटो काढून ठेवला होता, तिनं दाखवला. बाळा, मला वाचवायला तू पुसलीस हे कळतंय. पण पुढच्या वेळी पुसू नकोस. खाली आपलं आडनाव लिही, सुभाषनगर लिही, आणि ही वेणी माझ्या आईनं घातलीय असं लिही. याच गावात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी धजत नव्हतं. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. त्या माणसाला मान मिळायला एका राजाला रस्त्यावर थांबावं लागलं. आज तुझ्या आईच्या कामासमोर हजारो अनोळखी माणसं थांबली आणि त्यासाठी आपल्याला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तिथं मान खाली घालायची नाही.

नोकरी सोडायचा विचार मात्र आत्ता करू नकोस. व्हिडिओ पाहणारा गिऱ्हाईक असतोच असं नाही, आणि गल्लीत अजून जोडामागं मिळणारी मजुरी तीच आहे. व्हिडिओ गाजल्यावर एका व्यापाऱ्यानं जास्त माल मागितला, दर जुनाच ठेवला. मी नाही म्हणाले. लिडकॉमनं चपलेवर क्यूआर कोड आणलाय, त्यात कारागिराचं किंवा बचतगटाचं नाव दिसतं. आपल्या गटाचं नाव त्यात कसं बसवायचं, कागद काय लागतात, ते शोधून सांग. हे काम व्हिडिओपेक्षा आधी कर. वेणी घालणाऱ्या बायकांची नावं कुठल्या वहीत नसतात, ती त्या कोडात आली पाहिजेत. मला याचीच जास्त आस आहे.

संक्रांतीला आलास की मावशीचा व्हिडिओ करू. तिला विचारलंय, ती हो म्हणाली. तिची एक अट आहे. एका जोडाला किती वेळ लागतो आणि हातात किती पैसे पडतात, हे ती स्वतः बोलणार, आणि ते तू कापायचं नाहीस.

तुझी,
आई