गॅस्केटला दोष देण्याआधी फ्लँज बघ

सातारा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवा सायलेन्सर घरी येऊन पडलाय, रविवारी तो स्वतःच बसवायचा बेत आहे, आणि किटबरोबर आलेली गॅस्केट, म्हणजे पाइपच्या जोडांतून गळती होऊ नये म्हणून मध्ये ठेवायच्या चकत्या, पुरतील का एवढंच तू विचारलंयस. जोड तेवढे असतील तर पुरतील. पण गळतीचं मूळ गॅस्केटमध्ये क्वचितच असतं. फ्लँज, म्हणजे पाइपच्या टोकाची बोल्टने जोडायची पट्टी, वाकडा असतो, पाइप ताणून बसवलेला असतो, नाहीतर एकच बोल्ट आधी गच्च आवळलेला असतो. शिव्या मात्र गॅस्केटला पडतात. म्हणून जरा लांबण लावतो.

कॅट-कॉनला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला, हात लावू नकोस, हे आधीच सांगून ठेवतो. तुझी गाडी बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांतली) आहे. कॅटच्या आधी आणि नंतर धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर आहेत. कॅट काढलास की चेक इंजिनचा दिवा लागणार आणि पीयूसीला गाडी अडकणार. नुसता आवाज वाढवलास तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आहेच, दंड 10,000 रुपयांपर्यंत. तेव्हा काम कॅटच्या मागच्या भागापुरतंच.

आता माप. किटमधलं गॅस्केट पाइपच्या तोंडावर धरून बघ. त्याचं भोक पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा कणभरही लहान नको. लहान असलं तर आतली कड गरम वायूच्या वाटेत येते, जळते, तिचे तुकडे सुटतात आणि तिथूनच गळती सुरू होते. भोक 1-2 मिमी मोठं असेल तर चालतं. त्याहून मोठं झालं तर दाब धरायला रुंदीच उरत नाही. बाजारात 51, 57 आणि 63 मिमीच्या पाइपची गॅस्केट शेजारी शेजारी टांगलेली असतात आणि बोल्टची भोकं थोडी लांबट असल्यामुळे चुकीचंसुद्धा बसल्यासारखं वाटतं. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊनच दुकानात जा. प्रकार म्हणशील तर मॅनिफोल्डजवळ (इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या पाइपजवळ) पदरी स्टीलचं, मागच्या जोडांना मध्ये स्टीलची जाळी असलेलं ग्राफाइटचं. ऑइल-पाण्यासाठीचा पॅकिंग पेपर कुणी कापून देऊ लागला तर घेऊ नकोस, पहिल्याच फेरीत त्याचा कोळसा होईल.

फ्लँजवर खरा वेळ घालव. जुनं गॅस्केट पितळी खरवडणीने काढ. ग्राइंडरची चकती लावलीस तर खड्डे पडतात आणि ते कुठलंही गॅस्केट भरून काढत नाही. जुन्यावर नवं ठेवायचं नाही, आणि दोन एकावर एकही नाहीत. तू गाडी सेकंडहँड घेतलीस, त्यामुळे सांगलीच्या 2021 च्या पुरात ती उभी होती का हे सांगता येत नाही. फ्लँजच्या फटीत बारीक गाळ आणि पापुद्रे निघणारा गंज दिसला तर समजून जा आणि स्टड (फ्लँजमधले आट्यांचे दांडे) नवेच घे.

मग सरळ पट्टी फ्लँजवर उभी धरून खालून फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांची) पाती घालून बघ. 0.1 मिमीची पाती सहज जात असेल तर स्टीलचं गॅस्केट तिथे बंद होणार नाही. ग्राफाइटचं थोडं सांभाळून घेतं, पण पाव मिमीच्या पुढे तेही नाही. नव्या किटचा फ्लँज सरळच असणार असं धरून चालू नकोस. पातळ फ्लँजला पाइप वेल्ड करताना उष्णतेने तो केळासारखा वाकतो, मधोमध टेकतो आणि बोल्टकडे उचललेला राहतो. शिवाय वेल्डचा मणी कधी कधी तोंडाच्या वर आलेला असतो. थोडं असेल तर जाड काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घास. जास्त असेल तर कुपवाडच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे दे.

कॅटच्या लगेच मागे तुझ्या गाडीत स्प्रिंगचे बोल्ट आहेत, म्हणजे तिथे चपटं गॅस्केट नाही, डोनट, म्हणजे जाड कड्यासारखं गॅस्केट आहे. इंजिन हलतं तेव्हा तो जोड डोलावा म्हणूनच स्प्रिंग दिलेली असते. डोनटची सपाट बाजू फ्लँजवर बसते आणि उतरती बाजू समोरच्या पाइपच्या पसरट तोंडात. किटचं तोंड शंकूसारखं आणि मूळचं गोलाईचं असेल तर टेकण फक्त एका कडेवर येतं. डोनटवर मार्करने काळं फास, नवं तोंड त्यावर दाबून थोडं फिरव. सगळीकडे पट्टा उमटला तर ठीक. बारीक रेघच उमटली तर ते किट परत कर. हे बोल्ट खांद्यापर्यंत बसले की थांबायचं. स्प्रिंग पूर्ण दाबून वेटोळी एकमेकांना टेकवलीस तर जोड आखडतो, आणि मग डोनट तरी फुटतो नाहीतर पुढचा फ्लेक्स पाइप (लवचीक जाळीदार नळी) तरी चिरतो.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेव. रविवारी गाडी थंड असताना, घोड्यांवर (गाडी पेलणाऱ्या स्टँडवर) चढवून, चाकांना अडण लावून कामाला लाग. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस. नट अडला तर आधी किंचित आवळून मग सोड. ज्योत लावायची वेळ आली तर पेट्रोलचा पाइप आणि टाकी कुठे आहे ते बघूनच.

बसवताना घाई होते ती इथे. आधी सगळा सायलेन्सर हँगर रबरांवर टांग, गॅस्केट मध्ये ठेव, नट फक्त हाताने लाव. वजन रबरांनी पेलायला हवं, फ्लँजने नाही. पाइप बॉडीपासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासून सगळीकडे निदान 20-25 मिमी लांब आहे ना बघ, कारण गरम झाल्यावर तो लांबतो. जिथे पाइप पाइपात शिरतो तिथे दीड-दोन इंच आत जाऊ दे आणि पट्टीचा क्लॅम्प वापर. यू-क्लॅम्पने पाइप चेपतो आणि पुन्हा निघत नाही. नंतर इंजिनकडून मागे मागे आवळत ये. प्रत्येक फ्लँजवर आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा, तीन टप्प्यांत. मध्येच थांबून दोन्ही बाजूंची फट व्हर्नियरने मोज, सारखी हवी. एम 8 ला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर, एम 10 ला 40 ते 50. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच प्रमाण. आट्यांना कॉपर ग्रीस लावलंस की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून खालचा आकडा धर.

लाल सिलिकॉन फासायचा सल्ला तुला हमखास मिळेल. नको. ग्राफाइट कोरडंच बसतं, सिलिकॉनवर ते घसरतं. सेन्सरच्या आधीच्या जोडावर तर मुळीच नको, साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला मारते. त्या जोडाला नुसती गळती असली तरी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. मागच्या जोडाच्या गळतीने ॲव्हरेजला काही होत नाही; पण कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साठून आत येऊ शकतो, म्हणून तीही सोडायची नाही.

तपासणी उघड्यावर कर, शटर लावून नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐक. चिक्-चिक् आवाज येऊन दोन मिनिटांत बंद झाला तर खूश होऊ नकोस. धातू फुगून फट मिटली एवढंच. जाड हातमोजा घालून कापडाच्या बोळ्याने मागचं तोंड क्षणभर दाब, गळती असेल तिथे फुसफूस वाढते. इंजिन बंद असताना मागून ब्लोअर लावून जोडांवर साबणाचं पाणी मारलंस तर बुडबुडे जागा दाखवतात. चार दिवसांनी फ्लँजच्या कडेला काजळीची रेघ दिसली तर तीही तीच खूण.

सांगली-मिरज रस्ता सपाट, त्याच्यावर जोडाची परीक्षा होत नाही. पेठ नाक्यावरून महामार्गाने इकडे ये, म्हणजे शंभर किलोमीटर आपोआप होतील. संध्याकाळी दुसऱ्या गिअरमध्ये यवतेश्वरचा घाट चढवू. ग्राफाइट पहिल्या तापण्या-निवण्यात थोडं दबतं, म्हणून सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चपट्या फ्लँजचे नट पुन्हा टॉर्कला लावू. स्प्रिंगच्या बोल्टना हात लावायचा नाही. टॉर्क रेंच माझ्याकडे आहे. तू फक्त तांब्याचा मुलामा दिलेले दोन-चार नट जादा आण, इथे मिळतील याची खात्री नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश